वाळू-खडीच्या खाणीवर भूजल लॉगर : घेताना काय बघावं, कुठे दगा देतो

निरीक्षण विहिरीत लोंबता सोडायचा, बॅटरी आतच असलेला स्टीलचा दाब-लॉगर (पाण्याचा दाब ठराविक वेळाने आपोआप नोंदवणारं यंत्र, त्यावरून पातळी कळते) वाळू-खडीच्या खाणीवर घेण्यासारखाच आहे. महिन्यातून एकदा टेप सोडून घेतलेल्या मापात उपसा सुरू झाल्यावर पाणी किती झपाट्याने उतरलं आणि पंप थांबल्यावर किती वेळात चढलं, हे सापडत नाही. तासातासाच्या नोंदीत सापडतं. शेजारची विहीर खाणीमुळे आटली की पाऊस कमी झाल्याने, या वादात हीच नोंद कामी येते.

मात्र नुसता लॉगर घेणं ही अर्धीच खरेदी. बिनव्हेंटचा, म्हणजे बाहेरच्या हवेशी नळीने न जोडलेला लॉगर पाण्याचा आणि हवेचा दाब मिळून मोजतो. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने बदलला की नोंदीत सुमारे 1 सेंटीमीटर पाणी वाढल्या-घटल्यासारखं दिसतं. वादळी हवेत 20 हेक्टोपास्कलचा फरक पडला, तर पाणी जागचं हललेलं नसताना 20 सेंटीमीटरची चूक. म्हणून हवेचा दाब नोंदीतून वजा करायला हवादाबाचा दुसरा लॉगर सोबत घ्यावाच. तो त्याच खाणीवर, पाण्याच्या पातळीच्या वर, ऊन लागणार नाही असा ठेवावा आणि दोन्हींची घड्याळं एकत्र लावावीत. विहिरीच्या झाकणाला बारीक भोक हवं, नाहीतर आतली हवा कोंडते आणि वजाबाकी चुकते. व्हेंट केबलचा प्रकार हा हिशोब वाचवतो, पण केबलमधल्या बारीक नळीत दमटपणा शिरला की रीडिंग भरकटतं, ओल शोषणारी पुडी सतत बदलावी लागते. धुळीच्या, वाहनांच्या जागी बिनव्हेंटचाच बरा.

रेंज, म्हणजे लॉगर जास्तीत जास्त किती मीटर पाणी मोजू शकतो ती मर्यादा, निवडताना बरेच जण सुरक्षित म्हणून मोठी घेतात. ते चूक आहे. अचूकता रेंजच्या 0.05 टक्के असेल, तर 10 मीटरच्या लॉगरमध्ये चूक 5 मिलिमीटर आणि 100 मीटरच्या लॉगरमध्ये 5 सेंटीमीटर. खडीच्या थरात पोकळ्या भरपूर, त्यामुळे बराच उपसा होऊनही पातळी थोडीच हलते. तो थोडा फरकच तर पकडायचा असतो. लॉगर सगळ्यात कमी पातळीच्या खाली राहील, पण तळाच्या गाळात रुतणार नाही, असा टांगावा. पावसाळी पातळी चढल्यावर त्याच्यावरचं पाणी रेंजबाहेर जात नाही ना, हेही आधी पाहावं. दोरी नायलॉनची नको: ती ताणते, लॉगर हळूहळू खाली सरकतो आणि पाणी चढल्याचा भास होतो. स्टीलची तार घ्यावी.

विहिरी कुठे खोदल्या, यावर लॉगरची सगळी किंमत ठरते. खाणीत पाणी साचून तलाव झाला की त्याची पातळी आडवी सपाट होते, भोवतालचं भूजल मात्र उतारावर असतं. उतार हजारात 5 आणि तलाव वाहण्याच्या दिशेने 300 मीटर लांब असेल, तर मुळात दोन टोकांत 1.5 मीटरचा फरक होता. आता वरच्या टोकाला पाणी सुमारे पाऊण मीटर उतरतं, खालच्या टोकाला तेवढंच चढतं. म्हणजे एकीकडे विहिरी आटतात आणि दुसरीकडे तळघरात ओल येते. वाळू-खडी धुण्याच्या गाळाने तलावाची खालची बाजू लिंपली गेली, तर तलावच फुगतो आणि हिशोब आणखी बदलतो. म्हणून दोन्ही टोकांना विहिरी हव्यात, आणि प्रवाहाची दिशा कळायला एका रेषेत नसलेल्या किमान 3. एक लॉगर तलावातही सोडावा; बहुतेक जण तेवढंच विसरतात. सगळ्या विहिरींच्या काठावर खूण करून त्यांची उंची एकाच बेंचमार्कवरून (उंची मोजायच्या पक्क्या खुणेवरून) लेव्हल यंत्राने काढावी. इथे 10 सेंटीमीटर चुकले की सपाट खडीच्या थरात प्रवाहाची दिशाच उलटी निघू शकते.

डेटा उतरवताना दर वेळी हातटेपने माप घ्यावं, तेही लॉगर वर ओढण्याआधी. फरक 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त निघाला, तर तार सरकली आहे का, घड्याळ मागे पडलं आहे का, हे आधी तपासावं. सेन्सर भरकटल्याची शंका त्यानंतर. लॉगर परत टांगताना तो नेमक्या त्याच खोलीवर बसला पाहिजे.

बहुतेक लॉगरची बॅटरी सीलबंद असते, ती बदलता येत नाही. तासाला एक नोंद ठेवली तर ती वर्षानुवर्षं पुरते. पंप चाचणीपुरतंच अंतर मिनिटावर आणावं आणि चाचणी संपताच परत तासावर न्यावं.