२,४९९ रुपयांत वेबसाइट करून घेताय? पैसे द्यायच्या आधी हे वाचा

माझ्या नावाचा डॉट कॉम पत्ता आज उघडला तर रमीची जाहिरात येते. मोठ्या अक्षरात बोनस, खाली ॲप उतरवून घ्यायचं बटण. हाच पत्ता माझ्या व्हिजिटिंग कार्डावर आहे. बचत गटांच्या बिबड्या-पापडांच्या पाकिटांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला आहे, आणि ती पाकिटं कधीच दुकानांत गेली. या पत्त्यापायी मी एका माणसाला १३,२५८ रुपये दिले. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण त्याची पद्धत सगळी सांगते, कारण तो अजूनही अमळनेर, चोपडा, धरणगाव भागात गिऱ्हाइकं शोधत फिरतोय.

मी अमळनेरची. लेबलं, खोके, लग्नपत्रिका डिझाइन करते. घर सांभाळून चालणारं काम, पण नियमित. गावातल्या माणसाला चार नमुने व्हॉट्सॲपवर पाठवले की भागतं. पुण्या-मुंबईचा माणूस मात्र पहिलं वाक्य हेच टाकतो, 'पोर्टफोलिओची लिंक पाठवा.' जड पीडीएफ पाठवली की पुढे उत्तरच येत नाही. म्हणून मला स्वस्तातली, साधी, पाच पानांची साइट हवी होती. वीस-पंचवीस हजार मागणाऱ्या कंपन्या मला परवडणाऱ्या नव्हत्या.

तेवढ्यात महिला उद्योजकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर याची जाहिरात आली. २,४९९ रुपयांत डोमेन (म्हणजे साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि पाच पानं, एक वर्ष सगळं त्यात. ग्रुपमधल्या दोघींनी त्याच्याकडून काम करून घेतलं होतं, त्यांच्या साइट मी उघडून पाहिल्या, व्यवस्थित चालत होत्या. माणूस घरी आला, चहा घेतला, अहिराणीत बोलला, आमच्या नात्यातल्या दोन घरांची नावं सांगितली. परक्या नंबरवरून आलेला फोन असता तर मी उचललाही नसता. हा समोर बसलेला, ओळखीचा, आपल्या बोलीत बोलणारा माणूस होता.

आता तो क्षण. माझ्याच लॅपटॉपवर तो डोमेनचा फॉर्म भरत होता. नाव माझं, पत्ता माझा. ईमेलच्या आणि मोबाइलच्या रकान्यात त्याने स्वतःचे टाकले. मी पाहिलं. विचारलंसुद्धा, 'भाऊ, इथे माझा मेल नको का?' तो मान वर न करता म्हणाला, 'ताई, कसाले टेन्शन लेस, मी शे ना. रिन्यूअलना मेसेज येतीन, तुले उगीच कटकट.' आणि त्याने पुढचं बटण दाबलं.

ते दोन सेकंद मला आजही झोपू देत नाहीत. बोट त्याच रकान्यावर होतं माझं. पण मला सांगा, ज्या बाईने आयुष्यात कधी डोमेन घेतलं नाही, तिला त्या एका रकान्याचं वजन कसं कळावं? शेत तुमचं, कसता तुम्ही, आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा तो प्रकार होता. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, लेखी ज्याच्या मेलवर आणि मोबाइलवर खातं, तोच मालकासारखा. पासवर्ड बदलायची लिंक त्यालाच जाणार, ओटीपी त्यालाच, मुदत संपत आल्याची सूचनाही त्यालाच. मी प्रश्न विचारला होता. खोटं उत्तर त्याने दिलं. लोक मला विचारतात, 'तू बघितलं कसं नाहीस?' बघितलं होतं!

मग हप्त्याहप्त्याने पैसे निघायला लागले. साइटवर 'नॉट सिक्युअर' दिसतंय, एसएसएल, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट, घ्यावं लागेल, ९९९ रुपये. हे सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा संस्था जगभर फुकट देते, बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवतात. गॅलरीसाठी प्रीमियम टेम्प्लेट, १,५०० रुपये. मग 'गुगलवर पहिल्या पानावर आणतो', ३,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. ते झाल्याचा पुरावा म्हणून त्याने स्वतःच्या मोबाइलवर माझं पूर्ण नाव आणि आडनाव टाकून शोधलं, आणि माझी साइट पहिली आली. माझंच नाव शोधल्यावर माझीच साइट येणार, त्यात याने काय केलं? 'अमळनेर लेबल डिझाइन' टाकून बघायला हवं होतं. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः लिहून सांगतं. हमी देणारा समोर आला की तिथूनच त्याला वाटेला लावा.

वर्ष भरत आलं तसा त्याचा फोन आला, रिन्यूअलचे ४,००० अधिक जीएसटी, ४,७२० रुपये. एका डॉट कॉमचं वर्षाचं भाडं साधारण हजाराच्या आसपास असतं. मी म्हटलं, एवढे? तो म्हणाला, होस्टिंगचे दर वाढलेत. हातात तीन कामं होती, साइट बंद पडायला नको म्हणून भरले. यूपीआयने, त्याच्या स्वतःच्या नंबरवर.

त्याने ते डोमेन रिन्यू केलंच नाही.

थोड्याच दिवसांत साइट उघडेनाशी झाली. विचारलं तर 'सर्व्हर शिफ्टिंग चालू आहे.' पुन्हा विचारलं तर 'लग्नात आहे, आल्यावर बघतो.' नंतर फोनच उचलेना. आणि याच काळात माझा पत्ता वाचवता आला असता, हे मला फार उशिरा समजलं. डॉट कॉमची मुदत संपली म्हणून पत्ता दुसऱ्या दिवशी जात नाही. बहुतेक रजिस्ट्रार पहिले काही आठवडे नेहमीच्या दरात भरू देतात. त्यानंतर ३० दिवस दंड भरून सोडवता येतो. मग शेवटचे ५ दिवस जातात आणि पत्ता खुला होतो, ज्याला हवा त्याने घ्यावा. असे सुटलेले पत्ते उचलून त्यावर जुगाराच्या जाहिराती लावणारे टपूनच बसलेले असतात. हे सगळे आठवडे सूचना जात होत्या त्याच्या मेलवर. मी इकडे सर्व्हर शिफ्ट व्हायची वाट बघत होते.

कळलं ते पुण्याहून आलेल्या फोनमुळे. चोपड्याकडून केळी घेऊन बाहेर पाठवणारे लोक, खोक्यांच्या पूर्ण सेटचं काम, २२,००० ठरत आलेलं. तिकडून बाई अवघडून विचारतात, 'मॅडम, लिंक हीच आहे ना? आमच्या सरांसमोर उघडली, भलतंच काहीतरी आलं.' मी काय सांगणार होते? ते काम गेलं. त्यांचा दोष नाही, मीसुद्धा दिलं नसतं.

जीएसटीचीही गंमत नाही, चोरीच आहे ती. दोन वेळा मिळून त्याने १,२६० रुपये कर म्हणून घेतले. बिलावरचा नंबर नंतर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर असा नंबरच नाही. खरा नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. याचा मोजला तर १४ चा भरला. नोंदणी नसेल तर कर गोळा करायचा अधिकारच नाही. बिल हातात आलं की आधी तो नंबर तपासा, फुकट आहे, मिनिटभराचं काम.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, 'डोमेन म्हणजे काय?' समजावून सांगितलं. मग, 'पैसे तुम्हीच पाठवले ना? वर्षभर साइट चालली ना? मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब आहे, वकील बघा.' जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हणाले. तिथे गेले तर रक्कम ऐकून माणसाने पेनच खाली ठेवला. तेरा हजार त्यांना किरकोळ वाटतात. बिबड्यांच्या एका पाकिटाच्या लेबलाचे मला किती मिळतात, हे त्यांनी एकदा विचारावं. पुन्हा तालुक्याला पाठवलं. तालुक्यात साहेब बंदोबस्ताला. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आमचा संबंध नाही. जिथे जाईन तिथे मीच आरोपी असल्यासारखी उभी, आणि सोबत आलेल्या माझ्या भावालाच उत्तरं दिली जातात, जणू फसवणूक त्याची झाली! एकाने तर शहाणपण शिकवलं, 'मॅडम, इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला?' रिन्यूअलचे पैसे घेऊन रिन्यू न करणं, खोटा कर नंबर छापून कर घेणं, यात दिवाणी काय आहे हे एकानेही सांगितलं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. ते मला घरी बसून शोधावं लागलं.

शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तीच माहिती लेखी, टपालाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी पाठवली, पोच जपून ठेवली आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर मात्र बाकी सगळं सोडून आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते ती त्या काही तासांतच.

आणि वेबसाइट हवीच असेल तर डोमेन स्वतः घ्या. खातं तुमच्या मेलवर, तुमच्या मोबाइलवर, पैसे तुमच्या यूपीआयवरून सरळ रजिस्ट्रारला. बनवणाऱ्याला फक्त बनवण्याचे द्या. डिझाइनचं काम असेल तर बिहान्स या डिझाइनरांच्या साइटवर फुकट मांडता येतं, गुगल साइट्सही फुकट आहे, गिटहब पेजेसही. मी आता बिहान्सवरच आहे. मूळ मोठ्या फाइल पेनड्राइव्हमध्ये कुणाला देऊ नका, लहान आकाराच्या, नाव टाकलेल्या प्रतीच द्या. फोनवरचं बोलणं संपलं की तेच मुद्दे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, 'बरोबर ना?' म्हणून. माझ्याकडे त्याच्या तोंडी वचनांचा एकही पुरावा नव्हता, फक्त पैसे गेल्याच्या नोंदी.

ज्यांनी अशा कुणाकडून साइट करून घेतली आहे त्यांनी आज रात्रीच आयकॅनच्या (जगभरच्या डोमेनचा कारभार बघणारी संस्था) लूकअप पानावर आपल्या साइटचा पत्ता टाका. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते दिसतं. मग त्या रजिस्ट्रारकडे स्वतःच्या मेलने लॉगिन होतंय का पाहा. होत नसेल तर बनवणाऱ्याकडून खातं किंवा डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा ट्रान्सफरचा कोड लगेच मागा, लेखी मागा. टाळाटाळ केली तर मुदत संपायची वाट बघू नका, रजिस्ट्रारला स्वतः लिहा, पैसे भरल्याच्या पावत्या जोडा. त्या ग्रुपमधल्या दोघींना मी हे करायला लावलं. एकीची मुदत संपायला तीन आठवडे उरले होते.