एनसीव्ही तपासणी, लातूर: हात गरम करून मगच मोजणारं सेंटर

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे लिहिते. घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगते: हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर पडतात, हातातली वस्तू सुटते म्हणून डॉक्टरांनी एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) लिहून दिली असेल आणि तुम्ही औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर या पट्ट्यातले असाल, तर खुशाल इथे या. ‘करंट देतात’ या भीतीने तपासणी लांबवू नका.

मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पेशंट माझी आई, वय एकसष्ट, औसा तालुक्यात आमची शेती. सोयाबीनच्या काढणीनंतर तिच्या उजव्या हाताने त्रास द्यायला सुरुवात केली. मध्यरात्री उठून हात झटकत बसायची. “रातचं हात मेल्यावानी होतंय बघ, बोटाला नुसत्या मुंग्या येलालेत,” म्हणायची. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, एवढ्यातच. करंगळीला काही नाही. भाकरी थापताना मधेच हात थांबायचा. गावाकडे कुणी मानेचा मणका सांगितला, कुणी ताकदीची इंजेक्शनं दिली. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी मनगटावर टिचकी मारून पाहिली आणि नसांची तपासणी लिहून दिली.

ती तपासणी आम्ही आधी दुसऱ्या एका ठिकाणी केली होती. डिसेंबरातली सकाळ, आई गावाहून पहिल्या गाडीने आलेली, खोलीत एसी चालू. आत घेतलं, हातावर पट्ट्या लावल्या, शॉक दिले, झालं. रिपोर्टमध्ये दोन्ही हातांच्या सगळ्याच नसा मंद. खाली लिहिलेलं, पॉलीन्यूरोपथी. म्हणजे एक नस दबलेली नाही, सगळ्याच नसांना आजार. आईला मी काय सांगणार होते? तिची शुगर नॉर्मल, करंगळी ठणठणीत आणि कागद म्हणतो सगळं बिघडलंय. हाडांच्या डॉक्टरांनाही ते पटलं नाही, म्हणून त्यांनी इथे पाठवलं.

इथे टेक्निशियन मुलीने आईचा हात हातात घेतला आणि पहिलं वाक्य म्हणाली, “मावशी, हात किती गार हो तुमचे!” तळहाताला तापमान मोजायचा सेन्सर लावला. 28 अंश. तपासणीसाठी 32 तरी हवं, असं सांगून तिने गरम पाण्याचं टब आणलं, आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात बुडवून ठेवले. पुसले, परत मोजलं, कमी भरलं, परत बुडवले. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी तिने घाई केली नाही. या सेंटरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण सगळा रिपोर्ट या गरम पाण्यावर उभा असतो.

का, ते सांगते. नस म्हणजे हजारो चेतातंतूंची जुडी. स्वस्थ असताना चेतातंतूच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असते. एखाद्या ठिकाणी धक्का बसला की तिथल्या आवरणातली सोडियमची दारं उघडतात, बाहेरचा सोडियम आत घुसतो आणि जेमतेम एक मिलिसेकंद आतली बाजू धन होते. मग ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतो, जागा पूर्ववत होते. तोवर शेजारच्या भागातली दारं उघडलेली असतात. संदेश असा पुढे जातो. ही दारं प्रथिनांची आहेत आणि थंडीत ती सावकाश उघडतात, सावकाश मिटतात. हात एक अंशाने गार असला तर वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरने कमी दिसतो. चार अंशांचा हिशोब तुम्हीच करा. निरोगी नससुद्धा आजारी ठरते, आणि एक नाही, हातातल्या सगळ्याच.

या दारांबद्दल शिकवताना मी वर्गात इंगळीचं उदाहरण देते. लाल विंचवाचं विष सोडियमची दारं नीट मिटूच देत नाही, त्यामुळे नसा संदेश सोडतच राहतात आणि त्याचा भार शेवटी हृदयावर येतो. त्यावर प्राझोसिन हे औषध चालतं हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत हे नाव मुलांना माहीत असायला हवं.

आता शॉकबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. अंगठ्याच्या मुळाशी जो फुगीर स्नायू असतो त्यावर एक पट्टी, अंगठ्याच्या सांध्यावर दुसरी, आणि हाताच्या मागे अर्थिंगची. मग मनगटावर दोन टोकांचं उपकरण टेकवून विजेचा झटका. तो एका मिलिसेकंदाचा जेमतेम पाचवा भाग टिकतो. टचकन लागतं, हे खरं. कोपराजवळचा जास्त लागतो. पण प्रत्येक वेळी ती मुलगी आधी सांगायची, हळूहळू वाढवायची, आणि स्क्रीनवरची लाट आणखी वाढेनाशी झाली की थांबायची. लाट वाढत नाही याचा अर्थ नसेतले सगळे तंतू जागे झाले. त्याआधीच थांबलं तर आकडा कच्चा राहतो. आई पहिल्या झटक्याला दचकली आणि नंतर अंगठ्याकडेच बघत बसली. “अगं, माझा अंगठा आपुआप हलालाय की!”

तिथेच माझ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट डोळ्यासमोर घडत होती. वीज मनगटापासून नसेच्या टोकापर्यंत जाते आणि तिथे थांबते. नस आणि स्नायू यांच्यात फट असते, फार बारीक, साधारण 50 नॅनोमीटर, पण वीज ती फट ओलांडत नाही. टोकाला संदेश पोचला की कॅल्शियम आत येतो आणि तिथे साठवलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन फटीत सांडतं. ते पलीकडे स्नायूच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसतं, स्नायूत पुन्हा नवी वीज तयार होते आणि अंगठा उडतो. वीज, मग रसायन, मग परत वीज. नसा रसायनाने बोलतात हे ऑटो लोवी यांनी 1921 साली दाखवलं. एका बेडकाच्या हृदयाची नस उत्तेजित करून त्याचे ठोके मंदावले, त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर टाकलं, तर तेही मंदावलं. 1936 साली त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

या रासायनिक टप्प्याला वेळ लागतो, साधारण एक मिलिसेकंद. मग मनगटापासून अंगठ्यापर्यंत लागलेल्या वेळात नसेचा किती आणि रसायनाचा किती, हे वेगळं कसं करायचं? मी ते विचारलं तेव्हा तिने मशीनकडे बोट केलं आणि कोपराजवळ दुसरा झटका दिला. दोन्ही वेळांत रसायनाचा टप्पा सारखाच असतो. कोपराच्या वेळेतून मनगटाची वेळ वजा केली की तो आपोआप निघून जातो, उरतो तो फक्त कोपर ते मनगट एवढ्या नसेचा वेळ. 1850 साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेवर हेच केलं होतं, एकाच नसेला दोन जागी झटका देऊन. त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांना वाटत होतं की नसेचा वेग माणसाला कधी मोजताच येणार नाही. पावणेदोनशे वर्षांनी तीच वजाबाकी लातूरच्या एका पहिल्या मजल्यावर माझ्या आईच्या हातावर होत होती. मला भरून आलं, आणि ते लिहायला मला संकोच नाही.

आईचे आकडे देते, म्हणजे तुमच्या हातात रिपोर्ट आला की कुठे बघायचं ते कळेल. उजवा हात, मीडियन नर्व्ह (अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांकडे जाणारी नस): मनगटावरून 5.8 मिलिसेकंद, कोपरावरून 9.9. मधलं अंतर 21 सेंटीमीटर. म्हणजे 21 सेंटीमीटरला 4.1 मिलिसेकंद, वेग सेकंदाला 51 मीटर. उत्तम. पण मनगट ते अंगठा या छोट्याशा तुकड्याला या लॅबच्या हिशोबाने 4.2 च्या आत वेळ लागायला हवा, तिथे 5.8. शेजारची करंगळीकडे जाणारी अल्नर नर्व्ह दोन्हीकडे व्यवस्थित. डाव्या मनगटावर मीडियनला 4.5, म्हणजे तिथेही सुरुवात आहे. कोपर ते मनगट रस्ता मोकळा, शेजारीण धडधाकट, अडलंय फक्त मनगटाच्या पट्ट्याखाली, जिथून मीडियन नर्व्ह बोटांच्या नऊ कंडरांसोबत एका अरुंद बोगद्यातून जाते. कार्पल टनेल. पॉलीन्यूरोपथी वगैरे काही नाही.

अंतर मोजायलाही तिने वेळ घेतला. हात सरळ करून, खुणा करून, टेप दोनदा लावली. टेप एक सेंटीमीटर सैल पडली असती तर वेग अडीच मीटरने चुकला असता.

दाबामुळे मंद का होतं, हे आईने विचारलं. जाड चेतातंतूंवर मायलिनचं आवरण असतं आणि त्याला ठरावीक अंतरावर खंड असतात. संदेश आवरणाखालून इंचाइंचाने सरकत नाही, खंडावरून खंडावर जातो. मी तिला म्हटलं, लातूर-पुणे विनाथांबा गाडीसारखं आहे, आणि तुझ्या मनगटात ती गाडी प्रत्येक पाटीवर थांबायला लागलीय. दाबाने आधी मायलिन खराब होतं, आतला तंतू नंतर मरतो. आईच्या लाटेची उंची अजून चांगली होती, म्हणजे तंतू शाबूत आहेत. म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनची घाई केली नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, थायरॉइड तपासायला सांगितलं, आणि विळा धरायचं काम सध्या बंद.

तपासणीआधी एक फॉर्म भरून घेतात. पेसमेकर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, शुगर, थायरॉइड. आणि एक प्रश्न: फवारणीचं काम करता का? तो प्रश्न वाचून मला या लोकांबद्दल आदर वाटला. आपल्याकडे कापसावर, तुरीवर मारली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं त्या फटीतच घाव घालतात. ॲसिटिलकोलिनचं काम झालं की त्याला लगेच तोडणारं एक विकर (एन्झाइम) तिथे असतं, ही औषधं त्यालाच निकामी करतात. रसायन साचत राहतं, स्नायू फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात, लाळ-घाम थांबत नाही. त्या गटातल्या काही औषधांमुळे आठवडे उलटल्यावर हातापायांच्या नसाही जातात. माझे वडील आयुष्यभर तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारत आले. शेतकऱ्याच्या नसा तपासताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

या तपासणीला मर्यादा आहेत, त्याही डॉक्टरांनी स्वतःहून सांगितल्या. ती जाड, मायलिन असलेले तंतूच मोजते. जळजळ आणि ठसठस नेणारे मायलिन नसलेले बारीक तंतू सेकंदाला मीटर-दोन मीटर एवढेच चालतात, ते यात दिसत नाहीत. त्यामुळे तळपाय जळतात आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर पेशंट खोटं बोलतोय असं घरच्यांनी समजू नये. संध्याकाळी पापण्या जड होतात, चावता चावता जबडा थकतो अशांसाठी सेकंदाला तीन या गतीने झटके देऊन लाट उतरत जाते का, हे बघायची वेगळी तपासणी इथेच होते. त्यात फटीपलीकडच्या ग्राहींची परीक्षा असते. आईला ती लागली नाही.

आता कापलेला स्टार. सेंटर पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. नसांचे पेशंट, त्यातले कित्येक पायाचे, त्यांना जिन्याने चढवून आणायचं हे बरोबर नाही. दुसरं, रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत. मला वाचता आला. आईसोबत मी नसते तर तिला तो कागद घेऊन कुणापुढे तरी उभं राहावं लागलं असतं. खाली मराठीत चार ओळी लिहिल्या तर काय बिघडेल? बसायला खुर्च्याही कमी आहेत. पैसे दोन्ही हातांचे अडीच हजार घेतले. आधीच्या ठिकाणापेक्षा जास्त, पण तो कागद निरुपयोगी ठरला आणि हा कामाला आला.

येणाऱ्या बायकांसाठी: हाताला तेल, मलम लावून येऊ नका, पट्ट्या चिकटत नाहीत. अंगठ्या घरीच काढून ठेवा. बांगड्यांची काळजी करू नका. आईच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि त्या उतरवायला ती तयार नव्हती. टेक्निशियनने त्या वर सरकवून गॉजच्या पट्टीने सैलसर बांधून ठेवल्या, एकही फुटली नाही. सोमवारी गर्दी फार असते. फोन करून वेळ घ्या, आणि थंडीत सकाळची पहिली वेळ टाळून दुपारची मागा.