विंडोजचा बॅटरी रिपोर्ट : बॅटरी बदलण्यापूर्वी अवश्य पाहावा

लॅपटॉप पूर्वीइतका वेळ चालत नाही, अशी तक्रार घेऊन दुकानात गेले की नवी बॅटरी टाकण्याचा सल्ला लगेच मिळतो. परंतु तो खर्च करण्यापूर्वी विंडोजमध्ये मुळातच असलेला बॅटरी रिपोर्ट प्रत्येकाने काढून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून संगणकाला आज्ञा देण्याची विंडोजमधील खिडकी) उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे (powercfg /batteryreport) टाइप करून एंटर दाबले की ब्राउझरमध्ये उघडणारी एचटीएमएल फाइल तयार होते. ती कोठे साठवली गेली, तेही तिथेच दिसते.

त्यातील दोन आकडे महत्त्वाचे आहेत. ‘डिझाइन कपॅसिटी’ ही बॅटरीची मूळ ठरलेली क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ही आज पूर्ण चार्ज केल्यावर तिच्यात मावणारी ऊर्जा. पहिला आकडा 50,000 आणि दुसरा 38,000 मिलिवॅट-तास असेल, तर 76 टक्के क्षमता उरली आहे. टास्कबारवर दिसणारे 100 टक्के हे या उरलेल्या क्षमतेचे असतात, आणि म्हणूनच बॅटरी पूर्ण भरलेली दिसूनही लवकर उतरते.

मात्र एका दिवसाच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये. ही क्षमता विंडोज स्वतः मोजत नाही. बॅटरीतील चिप तिचा अंदाज बांधते आणि लॅपटॉप सतत चार्जरला जोडलेला असेल, तर तो अंदाज दुरुस्त होण्याची संधी कमी मिळते. त्यामुळे आकडा मध्येच वाढलेलाही दिसतो. रिपोर्टचा खरा उपयोग आहे तो खालच्या ‘बॅटरी कपॅसिटी हिस्टरी’ या तक्त्यात, कारण अनेक महिन्यांची घसरण तिथे सलग वाचता येते. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराने आणि काळाने हळूहळू घटतेच. उष्णता आणि सदैव पूर्ण चार्ज यांमुळे ती अधिक वेगाने घटते. अशी संथ घसरण दिसली, तर बॅटरी बदलण्याची घाई नको. लॅपटॉपमध्ये सोय असल्यास चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवावी.

उणिवाही आहेत. ‘सायकल काउंट’ची, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली या आकड्याची, जागा काही लॅपटॉपांत रिकामीच असते. तापमान आणि अंतर्गत रोध (बॅटरीच्या आतून विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) यांची नोंद नसल्याने, 30 टक्के चार्ज दिसत असताना लॅपटॉप अचानक का बंद पडला, याचे उत्तर येथे मिळत नाही. अ‍ॅपलच्या संगणकांवरील मॅकओएस या प्रणालीमध्ये बॅटरीची स्थिती सेटिंग्जमध्येच एका शब्दात कळते. विंडोजने आकडे दिले आहेत, अर्थ लावणे आपल्यावर सोडले आहे, आणि सामान्य वापरकर्त्यासाठी ही गैरसोय लहान नाही.

तरीही जुना लॅपटॉप विकत घेताना हा रिपोर्ट विक्रेत्याला आपल्यासमोर काढायला लावावा. त्याबरोबर टचपॅड वर उचलला गेला आहे का, हेही बोटाने तपासावे. फुगलेली बॅटरी रिपोर्टमध्ये दिसत नाही, आणि ती आढळल्यास आकडे कितीही चांगले असले तरी तो लॅपटॉप चार्जिंगला लावू नये.