२ मिलिमीटरचं पॅनिअर इंजिन : आठ महिने चालवल्यानंतरचा अनुभव

हे एक रेल्वे मॉडेल आहे, ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ५७०० वर्गातल्या वाफेच्या इंजिनाचं. प्रमाण फुटाला २ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:१५२, आणि दोन रुळांमधलं अंतर ९.४२ मिमी. किट निकेल सिल्व्हरच्या (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) एच केलेल्या, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पत्र्यांचं. चाकं, गिअर आणि मोटर वेगळी घ्यावी लागतात. जोडणी आणि रंग पूर्ण झाल्यापासून आठ महिने ते नियमित धावतं आहे. किट उत्तम आहे, पण पहिलंच किट म्हणून कुणी घेऊ नये. या मापात जे बिघडतं ते बहुतेक वेळा कशाच्या तरी जास्तीमुळे बिघडतं: डाख जास्त, तेल जास्त, रंग जास्त, नाहीतर हाताचा जोर जास्त. खालची बरीचशी माहिती याच चार जास्तींबद्दल आहे.

आधी या इंजिनाबद्दल थोडं. गाढवाच्या पाठीवर दोन बाजूंना गोणी लटकवाव्यात तशा बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, म्हणून पॅनिअर. सी. बी. कॉलेट यांच्या आराखड्यानुसार १९२९ पासून १९५० पर्यंत अशी ८६३ इंजिनं बांधली गेली. १९५६ ते १९६३ या काळात त्यातली १३ लंडन ट्रान्सपोर्टने घेतली आणि १९७१ पर्यंत रात्रीच्या देखभालीच्या गाड्यांना वापरली. त्यामुळे ग्रेट वेस्टर्नचा हिरवा, ब्रिटिश रेल्वेजचा काळा, लंडन ट्रान्सपोर्टचा मरून असे तिन्ही रंग खरेच आहेत. छोट्या मापासाठी हे इंजिन सोयीचं, कारण बाहेर सिलिंडर नाहीत, व्हॉल्व्ह गिअर (वाफेच्या झडपा हलवणाऱ्या दांड्या) नाही, आणि टाक्यांमध्ये वजन भरायला दोन्ही बाजूंना सारखी जागा आहे.

सगळ्यात जास्त वेळ चॅसीला, म्हणजे चाकं धरणाऱ्या सांगाड्याला द्या. फ्रेम दोन, दोन्ही पातळ पत्र्याच्या, आणि मधले स्पेसर तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचे. डावी फ्रेम डाव्या रुळाची वीज घेते, उजवी उजव्या रुळाची. चाकांना घासणाऱ्या वेगळ्या पट्ट्या लागत नाहीत. यालाच स्प्लिट फ्रेम म्हणतात. पट्ट्या नसल्यामुळे घर्षण कमी होतं आणि इंजिन मुंगीच्या वेगाने चालू शकतं, हा फार मोठा फायदा आहे. मात्र प्रत्येक स्पेसरवरच्या तांब्यात कानशीने काप पाडून दोन बाजू तोडाव्या लागतात. काप दोन्ही पृष्ठांवर हवा. तो राहिला, किंवा डाख वाहून त्यावर पूल झाला, की शॉर्ट. प्रत्येक स्पेसर बसवल्यावर मल्टिमीटरने तपासा. सगळं जोडून मग तपासायचं ठरवलं, तर कुठला स्पेसर दगा देतोय ते शोधण्यात दिवस जातो.

फ्रेम गुण्यात बसवण्यासाठी १.५ मिमीच्या तीन सरळ लांब सळया तिन्ही ॲक्सलच्या भोकांतून आरपार घाला आणि काचेच्या तुकड्यावर ठेवून वरून बघा. सळया एकमेकींना समांतर दिसल्या तरच डाख द्या. भोकं ड्रिलने मोठी करू नका, ब्रोचने (भोक हळूहळू वाढवणारी निमुळती, धारदार सळई) एकेक फेरा करत उघडा; पातळ पत्र्यात ड्रिल अडकतं आणि भोक तिकोनी होतं.

डाखकामासाठी तापमान ठरवता येणारं ५० ते ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. निकेल सिल्व्हर पितळेपेक्षा उष्णता बरीच कमी वाहून नेतं, त्यामुळे एका टोकाला डाख देताना दुसऱ्या टोकाचा जोड सुटत नाही. बॉडीच्या मुख्य जोडांना १८३ अंशांच्या आसपास वितळणारं साधं कथील-शिसं, नंतरच्या बारीक भागांना १४५ अंशांचं सोल्डर, हा क्रम पाळा. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळणारी ६०/४० तार चालते, पण तिच्या पोटातली राळ जोडावर उरते आणि पुढे तिथला रंग सुटतो. म्हणून राळ नसलेली तार आणि फॉस्फोरिक ॲसिडचा पातळ फ्लक्स (धातू साफ करून डाख धरायला मदत करणारा द्रव) बरा. आयर्नच्या टोकाला कल्हई केल्यासारखं किंचित सोल्डर घ्या, फ्लक्सचा थेंब जोडावर ठेवा, दोन सेकंद टेकवा आणि उचला. बाहेर सोल्डर दिसलं म्हणजे ते जास्त झालं. त्या दिवसाचं काम संपलं की मॉडेल कोमट पाणी आणि मऊ ब्रशने धुवायचंच. पावसाळ्यात रात्रभर फ्लक्स राहू दिला, तर सकाळी जोडांवर हिरवट पूड आणि पोलादी ॲक्सलवर तांबूस गंज दिसतो.

घड्या घालताना अर्धी खोदलेली रेघ आतल्या बाजूला ठेवायची. टाकीवरचे रिवेट मागच्या खळग्यातून बोथट सुईने दाबून उठवायचे असतात, आणि ते घडी घालण्याआधी. दाबताना खाली मऊ रबर नको, जाड पुठ्ठा घ्या. रबरावर रिवेटबरोबर सगळा पत्राच फुगतो.

आता चाकं. प्रत्येक ॲक्सल अर्धा-अर्धा असतो. दोन चाकांचे दोन खुंट ॲसिटालच्या नळीत, म्हणजे मफमध्ये, समोरासमोर घट्ट बसतात. चाकांच्या पाठीपाठीचं अंतर ८.५१ मिमी आलं पाहिजे आणि मफच्या पोटात दोन खुंटांमध्ये निदान अर्धा मिलिमीटर फट राहिली पाहिजे, नाहीतर तिथेच शॉर्ट. खुंटांची टोकं कानशीने थोडी निमुळती केली नाहीत, तर धारदार कड मफला आतून तासते आणि काही आठवड्यांनी मफ उभा चिरतो. या किटबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे: सूचनापत्रात टोकं निमुळती करण्याचा उल्लेखच नाही. मधल्या ॲक्सलचा मफ चौथ्या महिन्यात चिरला. चाक हळूहळू फिरत जाऊन क्वार्टरिंग बिघडलं, तेव्हा कुठे ते कळलं.

क्वार्टरिंग म्हणजे एका बाजूची क्रँक पिन (चाकावरची, रॉड अडकवायची पिन) दुसऱ्या बाजूच्या पिनेच्या ९० अंश पुढे असणं. नेमके ९० असण्यापेक्षा तिन्ही ॲक्सलना तोच कोन असणं महत्त्वाचं. इंजिन अडखळत असेल, तर दोष कुठे आहे ते असं ओळखा: आधी फक्त डाव्या बाजूचे कपलिंग रॉड (चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्या) लावून ढकलून बघा, मग ते काढून फक्त उजवीकडचे. एकच बाजू लावली असतानाही पिना आडव्या रेषेत आल्या की अडकत असेल, तर रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि ॲक्सलमधलं अंतर जुळत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या सुरळीत फिरतात आणि एकत्र लावल्यावर अडतात, तर क्वार्टरिंग चुकलं. हे न बघता भोकं मोठी करत सुटू नका. ढिले रॉड फिरतात खरे, पण इंजिन लंगडतं आणि ते लंगडणं मग जात नाही.

या इंजिनात आणखी एक खोच आहे. खऱ्या इंजिनात पुढच्या आणि मधल्या ॲक्सलमध्ये ७ फूट ३ इंच अंतर, मधल्या आणि मागच्यात ८ फूट ३ इंच. मॉडेलवर ते १४.५ आणि १६.५ मिमी होतं. रॉड उलटे बसवले तर ते बसतच नाहीत, पण भिंगाखाली काम करताना ‘थोडंच कमी पडतंय’ असं वाटून भोक वाढवायचा मोह होतो. पत्र्यातून कापण्याआधीच रॉडच्या आतल्या बाजूला पुढच्या टोकाशी खूण करून ठेवा.

पिनेवर वॉशर डाखायची वेळ सर्वात नाजूक असते. पिन ०.५ मिमी जाड. सोल्डर केसभर जरी आत गेलं तरी रॉड आणि चाक एक होऊन बसतात. पतंगाच्या कागदाचा छोटा तुकडा तेलात बुडवून मधोमध सुईने टोचा, पिनेवरून रॉडपर्यंत सरकवा, वर वॉशर ठेवा. पिनेच्या टोकाला फ्लक्स अगदी टाचणीच्या टोकाएवढा. आयर्न एक सेकंद टेकवून लगेच उचला. तेल असेल तिथे सोल्डर पसरत नाही. मग चिमट्याने कागद फाडून काढला की रॉडला कागदाच्या जाडीइतकी मोकळीक राहते, आणि ती पुरेशी असते.

मोटर ७ मिमी व्यासाची कोअरलेस, म्हणजे फिरत्या भागात लोखंडी गाभा नसलेली. ती बॉयलरमध्ये इतकी वर बसवा, की टाक्यांच्या खालच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसेल. ही फट बुजली की पॅनिअरची सगळी ऐट जाते. गिअरचं गणित आधी करा. चाकाचा व्यास ९.२५ मिमी धरला तर परीघ सुमारे २९ मिमी. मोटर मिनिटाला १२,००० फेरे करत असेल आणि वर्म (स्क्रूसारखा गिअर) ३०:१ असेल, तर चाक ४०० फेरे करतं. प्रमाणात मोजला तर हा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. यार्डात डबे हलवणाऱ्या इंजिनाला इतका वेग कशाला? मध्ये २:१ ची आणखी एक जोडी घालून ६०:१ केलं की कमाल वेग निम्मा होतो आणि सावकाश चालणं सुधारतं. कंट्रोलर गुळगुळीत डीसीचा किंवा उच्च वारंवारितेच्या पीडब्ल्यूएमचा (वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवणारा) हवा. जुन्या, कमी वारंवारितेच्या पल्स कंट्रोलरवर कोअरलेस मोटर तापते.

वजन जितकं जास्त तितकी ओढ चांगली. जास्ती चालते अशी ही एकच जागा. फक्त गुरुत्वमध्य मधल्या ॲक्सलच्या आसपास हवा. टाक्यांमध्ये शिशाचे छर्रे पांढऱ्या लाकडी गोंदात भरू नका. शिशाची त्या गोंदाशी हळूहळू क्रिया होते, मिश्रण फुगतं, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी टाकीचे जोड उघडतात. इपॉक्सी वापरा. टंगस्टनची पूड मिळाली तर फारच उत्तम: शिसं घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, टंगस्टन १९.३.

बॉडी कुठल्या तरी एका फ्रेमला टेकली तरी इंजिन चालतं, त्यामुळे दोष लपून राहतो. पुढे दुसऱ्या इंजिनाशी धातूचे कपलिंग जोडले की धडाम शॉर्ट! बॉडी दोन्ही फ्रेमपासून अलग ठेवा आणि मल्टिमीटरने खात्री करा.

रंगाचा हिशेब साधा आहे. रंगाचे सगळे थर मिळून ०.०५ मिमी झाले, तर खऱ्या इंजिनावर तो साडेसात मिलिमीटरचा लेप होतो. त्याखाली रिवेट राहतीलच कसे? म्हणून स्प्रे कॅनमधून थेट मारू नका. सेल्फ-एच प्रायमर कॅनमधून छोट्या बाटलीत काढा, वायू निघून जाऊ द्या आणि ०.२ मिमी नोझलच्या एअरब्रशने १५ ते १८ पीएसआयवर मारा. प्रायमरशिवाय निकेल सिल्व्हरवर रंग टिकत नाही, नखाने सोलून निघतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नंतर उघड्या बोटाने हात लावू नका.

हवामानाचं भान ठेवावंच लागतं. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात लॅकर मारला, तर त्यावर पांढुरकी झाक येते. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर घाला किंवा सरळ एनॅमल वापरा; एनॅमलला मात्र दोन थरांमध्ये दोन-तीन दिवस द्यावे लागतात. कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप नसेल, तर गुळगुळीत टाकीवर पाण्याचा एक थेंब थुंकला जातो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. एप्रिल-मे महिन्यांत उलटं होतं: ॲक्रिलिक नोझलच्या टोकावरच वाळतं, मॉडेलवर पोहोचेपर्यंत त्याची भुकटी होते आणि पृष्ठभाग खरखरीत येतो.

काळा रंग शुद्ध काळा नको. इतक्या लहान आकारात तो भोकासारखा दिसतो, तपशील गिळतो. काळ्यात पाचवा हिस्सा राखाडी आणि थोडासा तपकिरी मिसळा. छपराला आणखी थोडा फिका ठेवला की वरून पाहताना आकार उठून दिसतो. चिन्हांची ट्रान्सफर (पाण्याने उतरवून चिकटवायची छापील चित्रं) नेहमी चकचकीत वॉर्निशवर लावा. मॅट पृष्ठभागावर खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. ब्रिटिश रेल्वेजचं नवं चिन्ह १९५६ पासूनचं, त्यामुळे तुमच्या मांडणीचं साल आधी ठरवा. केबिनच्या बाजूच्या पितळी नंबर प्लेट ब्रिटिश रेल्वेजच्या काळातही टिकल्या. त्या सुट्या असतानाच काळ्या रंगवून २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोनदा हलकेच फिरवल्या, की उठावातले आकडे पितळी होऊन बाहेर येतात. तिसऱ्यांदा फिरवलं की कडा जातात.

कपलिंग रॉड रंगवूच नका. रसायनाने काळपट करा, धुवा आणि काचेच्या तंतूंच्या ब्रशने पुढची बाजू उजळा. मळकटपणा सगळीकडे सारखा फासू नका. सेफ्टी व्हॉल्व्हखाली चुन्याचा पांढरा ओघळ, धुराड्याच्या मागे काजळी, पायऱ्यांवर घासल्याची चमक, एवढं पुरे.

आठ महिन्यांनंतर मोटर आणि गिअर उत्तम आहेत. बोटं जिथे धरतात तिथे टाकीच्या वरच्या कडेचं मॅट वॉर्निश चकचकीत झालंय. इंजिन चॅसीला धरून उचलायची सवय लावा. ॲक्सलच्या भोकांशी तेल जास्त झालं की काळा चिखल साचतो आणि स्प्लिट फ्रेममध्ये वीज तिथूनच जात असल्याने इंजिन मध्येच थांबतं. तेल सुईच्या टोकावरचं, तेही दहा-बारा तास चालवल्यावर. चाकं दर महिन्याला आयसोप्रोपिलच्या कापडावर फिरवा. सॅण्डपेपर कधीच नको, ओरखड्यांत घाण दुप्पट बसते.

९ मिमी रुळांवर १:१४८ मध्ये तयार पॅनिअर मिळतात. नुसती गाडी चालवायची असेल तर तेच घ्या, चांगले आहेत. हे किट घ्यायचं असेल तर चाकं आणि गिअरसाठी १९६० साली स्थापन झालेल्या टू एमएम स्केल असोसिएशनचं सदस्यत्व लागतं, कारण ते सुटे भाग सदस्यांनाच विकतात. पहिल्याच मागणीत मफ दुप्पट मागवा आणि दोन जास्तीचे क्रँक पिनचे संच घ्या. एका मफसाठी परदेशातून दुसरं पार्सल मागवलं, तर टपालखर्च त्या मफच्या कितीतरी पट होतो.