'द लास्ट ऑफ अस': आधी गेम की आधी मालिका?

व्हिडिओ गेम २०१३ चा, एचबीओची मालिका २०२३ ची. गोष्ट तीच: जोएल नावाचा तस्कर, रोगाची लागण न होणाऱ्या एली या किशोरवयीन मुलीला घेऊन, साथीने उद्ध्वस्त झालेली अमेरिका पार करतो. शेवटाकडचा हॉस्पिटलचा प्रसंग मात्र मला गेममध्येच खरा भिडला. ऑपरेशन थिएटरमध्ये साथीवरच्या इलाजासाठी एलीचा जीव घेऊ पाहणारा सर्जन समोर उभा असतो आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. बटण आपणच दाबायचं. मी बराच वेळ नुसता थांबून राहिलो होतो. मालिकेत जोएल झालेला पेड्रो पास्कल तेच करतो, फार चांगलं करतो, पण पाप त्याचं, आपण बघणारे.

बिल आणि फ्रँक या जोडप्याच्या बाबतीत पारडं पार उलटं फिरतं. गेममध्ये फ्रँक दिसतो तोच गळफास घेतलेला, मागे बिलविषयी कडवट चिठ्ठी. मालिकेच्या तिसऱ्या भागाने त्याच दोघांना उतारवयापर्यंतचा संसार दिला. बागेतल्या स्ट्रॉबेरी खाताना बिलला फुटणारं ते हसू! माझे डोळे भरून आले. गेम जवळजवळ सगळा जोएलच्या सोबतीने चालतो, त्याला एवढी सवड मिळालीच नसती.

गुस्तावो सांताओलायाचं संगीत दोन्हीकडे आहे, हे बरं झालं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी गेम खेळावा. शेवट माहीत नसताना ते बटण एकदाच दाबता येतं.