वाळवीची ट्रीटमेंट करून घेतली, फवारणीपेक्षा तपासणीला जास्त मार्क

सरळ सांगायचं तर औषध मारून कोणीही देतं, माझे पैसे वसूल झाले ते तपासणीत. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि असल्या कामात कंपनीपेक्षा त्या दिवशी कोण माणूस येतो यावरच सगळं असतं.

आलेला माणूस पंप गाडीतच ठेवून आधी टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आत आला, तिथेच बरं वाटलं. बेडरूमच्या दाराची चौकट वरून एकदम धडधाकट होती, फक्त एका जागी रंग जरासा फुगलेला. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून वर टकटक करत नेलं, गुडघ्याच्या उंचीपर्यंत नुसता पोकळ आवाज, त्याच्या वर भरीव. मग टोक हलकंच दाबलं तर रंगाचा पापुद्रा फाटून टोक थेट आत. आतलं लाकूड रेषेरेषेने पोखरलेलं, मधे ओलसर माती, आणि उजेड पडल्या पडल्या पांढरे किडे आत पळाले. वाळवी वरचा थर तसाच ठेवून आतून खात जाते म्हणून बाहेरून काही कळत नाही. मागे बाथरूमच्या भिंतीला पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी वर चढत आलेली होती, दरवाजा कायम उघडा असल्यामुळे ती कधी दिसलीच नव्हती कोणाला.

त्याहून मला आवडलं ते म्हणजे कपाटाचं. कपाटातून भुकटी पडत होती म्हणून मी तिथेही ट्रीटमेंट सांगितली होती, तर तो म्हणाला ही वाळवी नाहीच, हा लाकडातला भुंगा, ही बघा गोल बारीक भोकं आणि पिठासारखी भुकटी, जमिनीत औषध सोडून याला काही होणार नाही, उगाच कशाला पैसे घालवता. वाटलं असतं तर गुपचूप बिल वाढवता आलं असतं त्याला. कोरड्या लाकडातली वाळवी पण वेगळी असते म्हणे, ती मातीची नळी करत नाही, तिच्या खाली वाळूसारखे कडक बारीक दाणे पडतात. खिडकीत पडलेले पंख पण दाखवले त्याला, ते वाळवीचेच निघाले. उडणाऱ्या मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात, वाळवीचे चारही सारखे, आणि किडा सापडलाच तर मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीला कंबर अशी नसतेच. घरात पंखांचा खच पडला तर वारूळ जवळच कुठेतरी आहे असं समजायचं.

आता ट्रीटमेंट. भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे साधारण फूटभर अंतराने ड्रिलने भोकं पाडली, त्यात औषध सोडलं आणि सिमेंटने बुजवली. चौकटीत पण बारीक भोकं पाडून इंजेक्शन दिलं. औषध इमिडाक्लोप्रिड होतं, त्याचा वास वाळवीला कळत नाही, ती त्यातून चालत जाते आणि अंगाला लागलेलं बाकीच्यांपर्यंत पोचवते. म्हणून पहिले काही आठवडे जिवंत वाळवी दिसली तर घाबरू नका आणि मुख्य म्हणजे वरून दुकानातला स्प्रे मारू नका असं त्याने बजावून सांगितलं, कारण स्प्रेने दिसतात तेवढ्या मरतात आणि बाकीच्या वाट बदलून दुसरीकडून घुसतात, वारूळ खाली मातीत असतं त्याला धक्काही लागत नाही. एक नळी मुद्दाम तशीच ठेवून मधला तुकडा तोडला, परत बांधली तर वाळवी चालू आहे. आमच्याकडे ती तुटकीच राहिली, म्हणजे निदान त्या वाटेने तरी वाळवी थांबलीय.

बाथरूमची गळती आधी बंद करा हे पण त्यानेच सांगितलं. मातीतल्या वाळवीला ओल लागतेच, ओल तशीच ठेवून औषध मारणं म्हणजे दार उघडं टाकून कुलूप लावणं.

तक्रारी आता. ड्रिलच्या धुळीने सगळं घर भरलं आणि फर्निचर झाकायचं आधी कोणी सांगितलं नाही. गडद फरशीवर पांढऱ्या सिमेंटचे ठिपके राहिलेत ते कायमचेच, रंग मिसळून बुजवता आलं असतं, पण विचारतो कोण. मुलांना आणि मांजराला खोलीत कधी सोडायचं हे मी विचारल्यावर कळलं, स्वतःहून नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. औषधाची बाटली सील फोडायच्या आधी दाखवा म्हटल्यावर दाखवली पण तोंड वाकडं करून.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. वाळवी परत आली तर ट्रीटमेंट फुकट, एवढंच त्यात आहे, खाल्लेल्या लाकडाची भरपाई नाही, आणि मधे फरशी फोडली किंवा गळती तशीच ठेवली तर वॉरंटी रद्द. चौकट दुरुस्त करणं यांच्या कामात येतच नाही, त्याला सुतार वेगळा. आमच्या सुताराने खालचा खराब भाग कापून जोड दिला, अख्खी चौकट काढावी लागली नाही. पण छताची तुळई किंवा जिन्याचं लाकूड पोकळ वाजत असेल तर सुतारावर न सोडता आधी इंजिनिअरला दाखवा.

फॉलो-अप व्हिजिट ठरलेली असून फोन मलाच करावा लागला, तोही एकदा नाही. पाचपैकी चार, कापलेला स्टार त्या फोनांचा आणि मांजराचा.