जीपचा क्राऊन-पिनियन बदलताना: अक्कलकोट रस्त्यावरच्या बिनपाटीच्या वर्कशॉपचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला, औद्योगिक वसाहतीच्या थोडे अलीकडे, पाटी नसलेले एक वर्कशॉप आहे. ट्रकवाले आणि ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॉलीवाले त्याला नुसते ‘डिफ्रन्सवाले’ (डिफरन्शियलचे काम करणारे) म्हणतात, आणि तेवढ्या ओळखीवर पत्ता सापडतो. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या जुन्या महिंद्रा जीपच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोड्या बदलून मी त्यांचे रेशो तेथे बदलून घेतले. काम होऊन आता पावसाळा उलटला आहे आणि गाडी डांबर, घाट व काळी माती या तिन्हींवर पुरेशी फिरली आहे, म्हणून हे लिहितो.

आधी गाडीची अवस्था सांगणे भाग आहे. माझी जीप ज्या नमुन्यावर बनली त्या विलीजच्या सीजे-3बी जीपला क्राऊनला 43 आणि पिनियनला 8 दातांचा, म्हणजे 5.38 चा सेट असे. याचा अर्थ चाकाचा एक फेरा होण्यासाठी प्रोपेलर शाफ्टला (इंजिनाची ओढ एक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याला) जवळजवळ साडेपाच फेरे घ्यावे लागतात. माझ्या जीपच्या आधीच्या मालकाने हायवेवर इंजिनाची ओरड कमी व्हावी म्हणून तो काढून 3.73 चा बसवला होता. मूळच्या 6.00-16 टायरवर हे चालून जात होते. मी मात्र सस्पेन्शनच्या पाट्यांना लांब शॅकल (पाट्या चॅसीला टांगणाऱ्या कड्या) देऊन गाडी दोन इंच उचलली आणि 31 इंची टायर चढवले, आणि तेथून दुखणे सुरू झाले. पुणे रस्त्यावर जरा चढ लागला की चौथा गिअर सोडावा लागे, तुळजापूरच्या घाटात दुसऱ्यावर यावे लागे, आणि शेताच्या बांधावरून गाडी काढताना क्लच जळल्याचा वास येई. टायर हा शेवटचा गिअरच असतो, हे मला कागदावर माहीत होते. पायाखाली ते तेव्हा कळले.

वर्कशॉपमध्ये गेल्यावर मी माझा हिशेब पुढे ठेवला. रेशो एकदा बदलायचाच आहे तर सरळ 4.88 करावा, म्हणजे चिखलात चिंता नको, असे माझे मत होते. मिस्त्रींनी कागद घेतला, बाजूला ठेवला आणि मोजमापाला सुरुवात केली. त्यांनी मागची दोन्ही चाके जॅकवर घेतली, शाफ्टवर आणि टायरवर खडूच्या खुणा केल्या आणि फेरे मोजून 3.73 ची खात्री करून घेतली. मग गाडी खाली उतरवून, हवा तपासून, टायरचा एक पूर्ण फेरा जमिनीवर टेपने मोजला. 31 इंचांवरून काढलेला परीघ 2.47 मीटर येतो. गाडीच्या वजनाखाली दबलेल्या टायरचा प्रत्यक्ष फेरा 2.40 मीटर भरला. जुना टायर, जो मी अजून स्टेपनी म्हणून वागवतो, त्याचा फेरा चाक बदलून पाहिला तो 2.20 निघाला. टायरवर छापलेल्या आकड्याऐवजी गाडीखाली असलेला टायर मोजणारा माणूस मला या कामात प्रथमच भेटला, आणि या वर्कशॉपवर माझा विश्वास बसला तो याच क्षणी.

हिशेब त्यानंतर सोपा होता. नव्या टायरमुळे 3.73 चा सेट जुन्या टायरवरच्या 3.42 सारखा वागत होता. पूर्वीची ओढ जशीच्या तशी परत हवी असेल तर 3.73 ला 2.40 ने गुणून 2.20 ने भागायचे, उत्तर 4.07 येते. परंतु रुंद टायरचे वजन आणि उचललेल्या गाडीला लागणारा वारा यांचा भार त्यात धरलेला नसतो, म्हणून याच्यापेक्षा एक पायरी वर जाणे शहाणपणाचे. पुढच्या आणि मागच्या एक्सलसाठी जुळणारी जोडी त्यांना दोनच रेशोंत मिळत होती: 4.27 आणि 4.88. जोडी जुळणे ही सोयीची बाब नाही. फोर-व्हील लावल्यावर पुढचा रेशो एक आणि मागचा वेगळा असेल तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात, ट्रान्सफर केस (ओढ दोन्ही एक्सलना वाटणारी गिअरची पेटी) पिळवटते आणि कडक जमिनीवर काहीतरी तुटूनच थांबते.

“मालक, महिन्यातले किती दिवस चिखलात असता?” असे मिस्त्रींनी विचारले. मी प्रामाणिकपणे सांगितले की पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी हायवे. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर या परीक्षणाचा गाभा आहे. चिखलासाठी गाडीत लो रेंज, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणारा जादा गिअर, आहे. जुन्या स्पायसर-18 ट्रान्सफर केसमध्ये ती 2.46 पट ओढ देते, आणि रेशो कोणताही असला तरी ती मिळतेच. एक्सलचा रेशो ठरवायचा तो हाय रेंजमध्ये, रोजच्या रस्त्यावर चौथ्या गिअरला इंजिन किती फेऱ्यांवर राहील ते पाहून. चौथा गिअर थेट असल्यामुळे आकडे लगेच मांडता आले: ताशी 80 किलोमीटरला 3.73 वर इंजिन सुमारे 2,070 फेऱ्यांवर, 4.27 वर 2,370 वर आणि 4.88 वर 2,710 वर. माझे जुने डिझेल इंजिन 2,600 च्या पुढे गेले की शेजारच्याशी बोलणे अशक्य होते. शिवाय रेशो जितका मोठा तितका पिनियन लहान आणि दात कमी; जड टायरचा धक्का शेवटी त्या दातांवरच येतो, हेही त्यांनी ऐकवले. मी माझा 4.88 मागे घेतला.

आता तक्रारीचा भाग. चार दिवसांचे काम अकरा दिवस चालले. डाना-44 घराण्याच्या मागच्या एक्सलमध्ये 3.73 पर्यंतच्या सेटना एक कॅरियर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) लागतो आणि 3.92 पासून पुढच्यांना दुसरा, कारण पिनियन लहान झाला की क्राऊनला त्याच्याकडे सरकून बसावे लागते. हे मिस्त्रींना ठाऊक होते, पण कॅरियर हाताशी आहे की नाही हे हाउसिंग (एक्सलचे कवच) खोलण्यापूर्वी पाहिलेले नव्हते. गाडी रिकाम्या हाउसिंगसह उन्हात उभी राहिली आणि जुन्या सामानाच्या बाजारातून कॅरियर शोधण्यात आठवडा गेला. त्याची किंमतही मूळ अंदाजात नव्हती. लेखी अंदाजपत्रक देण्याची येथे पद्धत नाही. ती असायला हवी.

बसवणी मात्र पाहण्यासारखी होती. पिनियनची खोली शिम (पातळ चकत्या) घालून ठरवली, बेअरिंगचा प्रीलोड (आवळ) पाहिला, डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) 0.20 मिलिमीटरवर आणला आणि दातांना रंग लावून ओढीच्या व सोडीच्या दोन्ही बाजूंचा ठसा मला दाखवला. मागचा ठसा दाताच्या मध्यावर सुरेख आला होता. पुढचा मला किंचित टोकाकडे वाटला. तसे म्हटल्यावर “चालेल” असे उत्तर मिळाले. ते चालले नाही. ताशी 60 ला ॲक्सिलरेटर सोडला की पुढून बारीक हुंकार येऊ लागला. तिसऱ्या दिवशी गाडी परत नेली, तेव्हा एक शब्दही न वाढवता त्यांनी पुढचे हाउसिंग पुन्हा खोलले, शिम बदलली आणि वेगळे पैसे घेतले नाहीत. आणखी एक गोष्ट त्यांनी न सांगता केली: गाडी उचलल्यामुळे मागच्या पिनियनचा कोन बिघडून शाफ्ट थरथरत होता, तो पाट्यांखाली पाचर घालून सरळ केला.

पहिले काही दिवस कसे चालवायचे याची ताकीद कडक होती. पंचवीस-तीस किलोमीटर सावकाश चालवून हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्यायचे, असे दोन-तीनदा करायचे, तोवर ट्रॉली ओढायची नाही, आणि सुमारे 800 किलोमीटरला ऑइल बदलायचे. काढलेल्या ऑइलमध्ये बारीक चकाकी होती, कण नव्हते.

आज तुळजापूरचा घाट तिसऱ्या गिअरवर चढतो आणि पुणे रस्त्यावर चौथा सहसा सोडावा लागत नाही. जुलैत शेतातल्या चिखलातून गाडी लो रेंजमध्ये विनातक्रार निघाली, 4.88 ची आठवण झाली नाही. डिझेलच्या खर्चात फरक जाणवला नाही. स्पीडोमीटर मूळच्या 5.38 साठी असल्यामुळे पूर्वी जीपीएसवर 80 असताना तो 51 दाखवी, आता 58 दाखवतो. त्याचा छोटा गिअर बदलण्याचे काम राहिले आहे. उंची आणि टायर वाढवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा विषय आहे, याची वर्कशॉपमध्ये कोणी आठवण करून देत नाही. आरटीओ आणि विमा कंपनीकडे ज्याने त्याने आधी विचारून घ्यावे.

या वर्कशॉपला पाचांपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण कॅरियरच्या आठवड्याचा आहे. तेथे जाणाऱ्याने स्वतःच्या टायरचा फेरा मोजून न्यावा, हाउसिंग खोलण्यापूर्वी कॅरियर समोर ठेवायला सांगावा आणि पुढच्या सेटचा ठसा पटेपर्यंत झाकण लावू देऊ नये. रविवारी दुकान बंद असते, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दोन्ही कारागीर रजेवर असतात.